चिनी कविता, चित्रं नि सुरांत बुद्ध आणि कन्फ्यूशियस कसे ओळखायचे? सुरुवात श्रावणबाळापासून करा

चार वर्षांपूर्वी अमळनेरला आमच्या ओट्यावर रविवारची बैठक सुरू केली, तेव्हा पहिल्याच दिवशी माझी चूक झाली. २७ वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेली, त्यामुळे हात आपोआप फळ्याकडे गेला. मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘बौद्ध’: करुणा, शून्यता, अनित्यता. उजवीकडे ‘कन्फ्यूशियस’: माणुसकी, रीत, आईवडिलांची सेवा. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. पुढच्या रविवारी अकरांपैकी चारच जण आले.

त्या चौघांना मी तान्झ नावाच्या एका चिनी मुलाची गोष्ट सांगत होते. आईवडील म्हातारे, दोघांचे डोळे गेल्यात जमा. त्यांना हरणीचं दूध हवं होतं. पोरगा हरणाचं कातडं पांघरून कळपात शिरला. शिकाऱ्यानं नेम धरला, तसा तो उभा राहिला, खरं काय ते सांगितलं आणि वाचला. सासूबाई कडेला दादर, म्हणजे ज्वारी, निवडत बसल्या होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, “हाऊ ते आपला सरावन शे!”

अगदी बरोबर ओळखलं त्यांनी. हा श्रावणच आहे, फार लांबचा प्रवास करून तिथं पोचलेला. तेव्हापासून नव्या माणसाला मी इथूनच आत घेते, आणि तुम्हीही इथूनच आत यावं असं मला वाटतं. मला चिनी येत नाही. भाषांतरं, शब्दकोश आणि डोळे-कान एवढ्यावर आम्ही चार वर्षं काढली. तेवढं पुरतं.

आधी अजिंठ्याला जाऊन या

आपल्याला चीनला जायची गरज नाही. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. सोमवारी लेणी बंद असतात, तो वार टाळा. १० आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांत श्याम जातक, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची गोष्ट, रंगवलेलं आहे. आंधळ्या आईवडिलांना सांभाळणारा श्याम पाणी आणायला जातो, राजाचा बाण त्याला लागतो, आईवडील आक्रोश करतात. रामायणात तो मुलगा मरतो आणि दशरथाला शाप मिळतो. जातकात आईवडिलांच्या सत्यवचनानं मुलगा जिवंत होतो आणि त्यांना दृष्टीही परत मिळते. लेण्यात शिरल्यावर लगेच भिंतीवर काही शोधू नका. पाच मिनिटं नुसते उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. मग एकेक आकृती आपणहून पुढं येते.

हीच गोष्ट बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून चीनमध्ये गेली. तिथल्या रूपात मुलाच्या अंगावर हरणाचं कातडं आलं. पुढं युआन राजवटीत (१२७१ ते १३६८) आदर्श मुलांच्या २४ गोष्टींचा एक संग्रह तयार झाला, त्यात तो तान्झ म्हणून बसला. बुद्धाचं नाव गळालं, बाणही लागेनासा झाला. म्हातारे आईवडील मात्र होते तसेच राहिले.

असं का झालं, हे समजलं की बाकीचं पुष्कळ उलगडतं. कन्फ्यूशियस (इसवी सनापूर्वी ५५१ ते ४७९) हा नात्यांचा विचार करणारा माणूस. बाप-लेक, राजा-प्रजा, थोरला-धाकटा, मित्र-मित्र. यातलं आपलं माप नीट भरलं की माणूस माणूस होतो. त्याच्या परंपरेतल्या मातृपितृभक्तीच्या ग्रंथाची सुरुवातच अशी आहे की शरीर, केस, कातडी आईवडिलांनी दिलेली, तिला इजा न होऊ देणं ही भक्तीची पहिली पायरी. आणि तिथं भारतातून भिक्खू आले: डोकं भादरलेले, घर सोडलेले, पोरंबाळं नसलेले. चिनी माणसानं विचारलं, आईबापाला सोडून जाणारा हा कसला धर्म? त्याला उत्तर म्हणून बौद्धांनी आपल्या गाठोड्यातून श्यामाची गोष्ट पुढं काढली, आणि मौद्गल्यायनाचीही.

या दुसऱ्या गोष्टीशी खान्देशी माणसानं थांबलंच पाहिजे. मौद्गल्यायन, चिनी भाषेत मुलियन. त्याची आई मेल्यावर भुकेनं तळमळणारं पिशाच्च झाली. त्यानं तिला भाताचं पात्र दिलं, पण घास तोंडात जाण्याआधीच त्याचा पेटता निखारा झाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपण घागर भरतो, पितरांच्या नावानं निखाऱ्यावर घास टाकतो, आगारी देतो. आपल्याकडं निखाऱ्यावर टाकलेला घास पितरांना पोचतो आणि तिथं घासाचाच निखारा होतो. आमच्या बैठकीत हे सांगितलं तेव्हा कुणी काही बोललं नाही, पण निवृत्त पोस्टमन काकांनी चष्मा काढून पुसला. पुढं बुद्ध मुलियनला सांगतात की तुझ्या एकट्याच्या पुण्यानं हे होणार नाही. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, वर्षावास संपताना, साऱ्या संघाला अन्नदान कर. आई सुटते. ही गोष्ट वायव्य चीनमधल्या दुनह्वांगच्या गुहेत सापडलेल्या हस्तलिखितांत आहे आणि चिनी रंगभूमीवर तिची नाटकं शतकानुशतकं झाली.

दोन प्रश्न बरोबर ठेवा

फळ्यावरची रेघ मी पुसून टाकली. आता कुठलीही कविता, चित्र, सूर समोर आला की आम्ही दोनच प्रश्न विचारतो. पहिला: इथं कोण कुणाचं आहे? दुसरा: इथं काय विरून चाललंय? पहिला कन्फ्यूशियसकडे नेतो, दुसरा बुद्धाकडे. एकाच कलाकृतीत दोन्हींची उत्तरं मिळाली तर गोंधळून जाऊ नका, चांगल्या कलाकृतीत बहुधा मिळतातच. ताओ, म्हणजे निसर्गाच्या ओघानं जगायचा विचार, हा तिसरा प्रवाहही या सगळ्यात वाहत असतो. त्याला सुरुवातीला बाजूला ठेवलं तरी चालेल, तो आपला आपण दिसायला लागतो.

कविता: आधी शब्द सुटे करा

पहिली कविता मंग च्याओची घ्या (७५१ ते ८१४). सहा ओळींची आहे. मायाळू आईच्या हातात दोरा, परगावी निघालेल्या लेकाच्या अंगावर कपडा. निघायच्या वेळी ती टाके घट्ट घट्ट घालते, मनात धास्ती की याला परतायला उशीर होईल. शेवटी तो विचारतो: बोटभर गवताचं काळीज वसंताच्या उन्हाची फेड करू शकेल, असं कोण म्हणेल?

ही कविता समजावून सांगू नका. प्रत्येकाला आपल्या घरातली शिवलेली एक वस्तू आणायला सांगा. मी माझी गोधडी आणली होती. एटीडीच्या, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या, कोर्सला धुळ्याला निघाले, तेव्हा आईनं आठ दिवसांत पुरी केली. मधल्या भागात धावदोऱ्याचे टाके सैल आणि लांब आहेत. काठाकडे ते इतके बारीक होत गेलेत की बोट फिरवलं तर दोरा लागत नाही, नुसता उंचवटा लागतो. काठाकडे ती पोचली तोवर माझी जायची तारीख जवळ आली होती. घाईत टाके लांब पडायला हवेत, तिचे जवळ आले. मंग च्याओची ओळ मला या काठावर कळली. पहिल्या प्रश्नाचं याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

मग दू फू (७१२ ते ७७०). ७६१ साली छंगदूला वादळानं त्याच्या झोपडीचं शाकारलेलं छप्पर उडालं. शेजारच्या गावची पोरं गवत घेऊन पळाली, रात्रभर पाऊस गळत राहिला, मुलाच्या लाथांनी आधीच फाटलेलं पांघरूण ओलं झालं. त्या रात्री तो म्हणतो की हजारो खोल्यांचं एक घर मिळो, जगातल्या साऱ्या गरीब विद्वानांना त्यात आसरा मिळो. मग माझी एकट्याची झोपडी मोडली नि मी गारठून मेलो तरी चालेल. आमच्यातला एक तरुण रावेरकडच्या केळी पिकवणाऱ्या घरातला आहे. वादळात बाग आडवी झालेली त्यानं पाहिलीय. तो म्हणाला, “अशा वेळी आधी शेजाऱ्याची बाग बघायला जातात, मग आपली.” कन्फ्यूशियसच्या ‘रन’ या शब्दाचा, म्हणजे माणसानं माणसाशी असण्याचा, अर्थ मी याहून सोपा करून सांगू शकले नसते.

दुसऱ्या प्रश्नासाठी वांग वेई. आठव्या शतकातला दरबारी अधिकारी, चित्रकार आणि उपासक. चिनी भाषेत विमलकीर्तीला ‘वेई-मो-ज्ये’ म्हणतात. याचं नाव वेई, आणि दुसरं नाव त्यानं मो-ज्ये घेतलं. दोन्ही मिळून विमलकीर्ती पुरा होतो. विमलकीर्ती घरदार सांभाळून ज्ञानी झालेला गृहस्थ. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या वांग वेईला हाच आदर्श का आवडला असेल, ते लगेच लक्षात येतं.

त्याची ‘मृगवन’ ही कविता २० अक्षरांची आहे. नाव ऐकून सारनाथ आठवलं तर बरोबरच आहे. तिचे शब्द आम्ही असे सुटे करून कागदावर लिहितो:

रिता – डोंगर – नाही – दिसत – माणूस
फक्त – ऐकू – माणूस – बोलणं – घुमणं
परतता – उजेड – शिरतो – खोल – रान
पुन्हा – उजळतो – हिरवं – शेवाळ – वर

आता प्रत्येकानं आपल्या बोलीत चार ओळी करायच्या. नियम एकच: ‘मी’ घालायचा नाही. पहिल्या खेपेला बहुतेकजण घालतात: ‘मी डोंगरात एकटाच होतो.’ मूळ कवितेत मी कुठंच नाही. माणूस दिसत नाही, त्याचं बोलणं ऐकू येतं, आणि बोलणारा कोण हेही कळत नाही. पहिलं अक्षर ‘खोंग’, रिता. शून्यतेसाठी चिनी बौद्ध ग्रंथांत हाच शब्द वापरलाय. आणि शेवटी मावळतीचा तिरपा किरण झाडीतून आत येऊन पायाखालच्या शेवाळावर पडतो. श्रावणात अजिंठ्याला दुपारी उशिरापर्यंत थांबलात, तर वाघुर नदीच्या वळणावरच्या ओल्या दगडांवर असा उजेड बघायला मिळेल. एका कॉलेजच्या मुलीनं आठव्या खेपेला शेवटची ओळ अशी केली: ‘मांगला उजेड, शेवायावर.’ क्रियापदही काढून टाकलं. मी ती ओळ भिंतीवर लावली आहे.

चित्र: आधी सगळ्यात लहान माणूस शोधा

मोबाईलच्या पडद्यावर चिनी निसर्गचित्र बघू नका, निदान पहिल्यांदा तरी. झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर प्रिंट काढा आणि भिंतीला टांगा. फान ख्वानचं ‘डोंगरझऱ्यांतले वाटसरू’ घ्या. साधारण १००० सालचं, रेशमावर शाईनं केलेलं, दोन मीटरांहून थोडं जास्त उंच; मूळ तैपेईच्या राजवाडा संग्रहालयात आहे. वरचा मोठा भाग एकाच अजस्र डोंगरानं भरलाय. आता माणसं शोधा. मी घड्याळ लावते. बहुतेकांना दोन मिनिटं लागतात. खाली उजव्या कोपऱ्यात खेचरांचा तांडा आहे, नखाएवढा. चित्रकाराची सही तर याहून लपलेली, पानांच्या आड. ती १९५८ साली कुठं नजरेस पडली.

आता दोन्ही प्रश्न विचारा. गुओ शी हा त्याच शतकातला दुसरा थोर चित्रकार. मुख्य डोंगर राजासारखा असतो आणि बाकीचे त्याच्यापुढं दरबारी उभे राहावेत तसे, असं त्याचं म्हणणं मुलानं टिपणांत जपून ठेवलंय. ज्याला त्याला जागा आहे, खेचर हाकणाऱ्यालाही. हा पहिला प्रश्न झाला. मग नजर डोंगराच्या पायथ्याशी न्या. तिथं धुकं आहे. धुकं रंगवलेलं नाही, तेवढं रेशीम नुसतं सोडून दिलंय. एवढा जड डोंगर त्या न रंगवलेल्या जागेवर तरंगतोय. ती जागा हातानं झाका आणि चित्र कसं मरतं ते बघा. शाळेत मुलांना मी नेहमी सांगायचे, कोरा कागद भरून काढा. हे चित्र नीट पाहिल्यावर तसं सांगणं मी सोडलं.

यानंतर मूछीची सहा फळं. मूछी तेराव्या शतकातला भिक्खू, चित्र आता क्योतोच्या दाइतोकुजी विहारात. फळ म्हणजे आपल्या सातपुड्यातल्या टेंभराच्या कुळातलंच, आकारानं मोठं. शाईच्या वेगवेगळ्या छटांत सहा फळं, खाली टेबल नाही, मागं भिंत नाही. याच्यावर जास्त बोलू नये. पाच मिनिटं बघावं नि पुढं जावं.

कमळाशी मात्र थांबा. चिखलात उगवून डाग न लागणारं कमळ ही बुद्धाच्या वाटेनं आलेली प्रतिमा. अकराव्या शतकात चोउ दुनयी या कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या विचारवंतानं एक छोटा लेख लिहिला: शेवंती ही फुलांतली एकांतवासी, पिओनी श्रीमंत, आणि कमळ सज्जन. त्याच्या भाषेत ‘जुन्झ’, कन्फ्यूशियसचा आदर्श माणूस. एका घरचं फूल दुसऱ्या घरच्या देव्हाऱ्यात गेलं. म्हणून चिनी चित्रात कमळ दिसलं की ‘बौद्ध’ असा शिक्का लगेच मारू नका. बाजूला कोण बसलंय, काठावर काय लिहिलंय, ते बघून ठरवा.

आणि बैल. बहिणाबाईंनी मनाला उभ्या पिकातलं ढोर म्हटलं. आपल्याकडं हे शेंबड्या पोरालाही पाठ. बाराव्या शतकात क्वो-आन या चिनी ध्यानगुरूनं हेच मन दहा चित्रांत मांडलं. गुराखी हरवलेला बैल शोधतो, खुरांचे ठसे दिसतात, बैल दिसतो, पकडतो, माणसाळवतो, त्याच्या पाठीवर बसून बासरी वाजवत घरी येतो. मग बैल विसरतो. आठव्या चित्रात बैलही नाही, गुराखीही नाही. नुसतं रिकामं वर्तुळ. आमच्या बैठकीत पोळ्याच्या आधीच्या रविवारी ही चित्रं काढायची असतात, ज्याची त्यानं, खडूनं चाललं तरी. वर्तुळ काढताना सगळे गप्प होतात. पण तिथं थांबू नका. दहाव्या चित्रात तोच माणूस पोट सुटलेला, अनवाणी, मोकळ्या हातांनी बाजारात येतो, लोकांत मिसळतो. शून्यापर्यंत जाऊन आलेला माणूस आठवडे बाजारात भाजीवाल्यांमध्ये उभा. दोन्ही प्रश्न इथं एकमेकांच्या हातात हात घालतात, असं मला वाटतं, आणि चिनी कलेतली माझी सगळ्यात लाडकी जागा हीच.

सूर: रात्री ऐका

गुछिन हे सात तारांचं, मांडीएवढ्या उंचीच्या मेजावर आडवं ठेवून वाजवायचं वाद्य. आवाज लहान. पंखा बंद करा, रस्ता शांत होऊ द्या, मग लावा. त्याच्या पाटावर शिंपल्याच्या तेरा टिकल्या असतात: बारा महिने, आणि तेरावी अधिक महिन्याची. हे सांगितलं की आपल्या बायकांना धोंड्याचा महिना आठवतो नि वाद्य घरचं होतं.

सुरुवातीला ‘वाहतं पाणी’ ही रचना ऐका. क्वान फिंगहूनं वाजवलेली हीच रचना १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. उजव्या हातानं तार छेडली जाते. ते सोडून डाव्या हाताकडं कान द्या. सूर विरत गेला तरी डावं बोट तारेवर घसरत राहतं, शेवटी लाकडावर बोट घासल्याचाच आवाज उरतो. सूर कुठं संपला ते बोट वर करून सांगा, असं मी म्हणते. दहा जणांची दहा बोटं वेगवेगळ्या वेळी वर होतात. काय विरून चाललंय, हे इथं कानाला कळतं.

पण हेच वाद्य कन्फ्यूशियसचंही. शाओ नावाचं संगीत ऐकून तीन महिने त्याला मांसाची चव कळेना, असं त्याच्या संवादांत आहे. कवितेनं जाग यावी, रीतीनं उभं राहावं, संगीतानं पुरं व्हावं, हेही त्याचंच. हान राजवटीच्या काळात तर ‘छिन’ म्हणजे आवर घालणं, असा अर्थ लावला गेला. वाजवायच्या आधी हात धुवायचे, ताठ बसायचं.

दोन्ही एकत्र ऐकायचे असतील तर फू-आन या बौद्ध गुरूच्या नावाचा ‘फू-आनचा मंत्र’ शोधा. गुछिनच्या १५९२ सालच्या पुस्तकात ही रचना आहे. विहारात म्हणतात तो मूळ पाठही मिळवा आणि नीट ऐका. अक्षरांचे गट कुठल्या क्रमानं येतात? क, च, ट, त, प. पहिलीत घोकलेली आपली वर्णमाला! संस्कृतची अक्षरं चीनला जाऊन मंत्र झाली आणि मंत्र कन्फ्यूशियसच्या वाद्यावर चढला.

एक खबरदारी

त्या २४ गोष्टी साऱ्याच गोड मानून घेऊ नका. त्यातल्या एकीत गरीब बाप आपल्या आईला घास पुरावा म्हणून स्वतःच्या मुलाला पुरायला खड्डा खणतो. खणताना सोनं सापडतं आणि मूल वाचतं. चिनी लेखक लू शुन (१८८१ ते १९३६) यानं लिहून ठेवलंय की लहानपणी ती वाचून तो भेदरून गेला होता. आपला बाप असाच आज्ञाधारक मुलगा निघाला तर? आमच्या बैठकीत यावर दोन रविवार भांडण चाललं. चालू द्यावं. नात्याचं माप नीट भरायचं म्हणताना ते कुणाच्या वाट्यातून भरलं जातं, हा प्रश्न त्या घरातल्या मुलानं आणि सुनेनं विचारलाच पाहिजे, आणि आमच्या ओट्यावर तो एका सुनेनंच विचारला.

पहिले चार रविवार

पहिल्या रविवारी श्याम आणि तान्झ, शक्य असेल तर अजिंठ्यातच. दुसऱ्याला घरून आणलेली शिवणाची वस्तू आणि मंग च्याओ. तिसऱ्याला ‘मृगवन’चे वीस शब्द, भाषांतराची वही त्या दिवशी तपासू नका, घरी नेऊ द्या. चौथ्याला डोंगराचं चित्र दिवसा आणि गुछिन रात्री, म्हणजे बैठक दोनदा. चहाला मध्ये सुट्टी द्या, पण सूर चालू असताना कपबशी नको.

गेल्या खेपेला चौथ्या रविवारी लाईट गेली होती. मोबाईलच्या बॅटरीवर ‘वाहतं पाणी’ लावलं. संपल्यावर बराच वेळ कुणी उठेना. सासूबाईंनी अंधारातूनच विचारलं, वाजवणारा थांबला का अजून हात फिरवतोय. मी परत लावलं.